एकटीने उचलायचं

माझ्या ताईने आयुष्यात कधी व्यायाम केला नव्हता. शाळेत कवायतीचा तास आला की हिच्या पोटात हमखास दुखायचं आणि तास संपला की थांबायचं. पुढे तीस वर्षं छत्र्यांच्या कारखान्यात बसून कापड शिवलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी जमिनीवर बसायची वेळ आली, तर कशाला धरून उठायचं हे ती आधी ठरवायची.

भाऊजी गोदामात हमाल होते. सिमेंटची गोणी पाठीवर टाकून जिना चढणारा माणूस. एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातून वस्तरा पडला आणि त्यानंतर त्यांचं उजवं अंग हललंच नाही. जीभ जड झाली, डोकं मात्र शाबूत. त्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर नेणं ताईच्या अंगावर आलं. पहिल्याच महिन्यात तिने त्यांना दोनदा पाडलं. दुसऱ्यांदा भुवई फुटली, टाके घालावे लागले.

भाचा परगावाहून धावत आला. वाईट नाही तो, पण आला तो सगळं ठरवूनच. "आई, तुला हे झेपत नाही. बाबांना संस्थेत ठेवू."

ती संस्था ताई बघून आली होती. एका खोलीत बारा पलंग, आणि संध्याकाळी सहालाच दिवे बंद. भाऊजी डाव्या मुठीत चादर धरून पडून राहिले.

"चार महिने दे," ताई म्हणाली. "तुझ्यासमोर ह्यांना एकटीने उचलून दाखवते. नाही जमलं तर घेऊन जा."

मग मी मोठी शहाणी, दवाखान्यातून व्यायामाचा तक्ता घेऊन आले. हात न टेकता खुर्चीतून उठायचं-बसायचं, भिंतीला हात लावून जोर काढायचे, उताणं पडून कंबर उचलायची आणि अर्धी भरलेली बादली उचलायची. चित्रातली बाई सगळं हसत करत होती. ताई म्हणाली, "हिला हसायला काय जातंय? हिचा नवरा चालता असेल."

पहिल्या दिवशी पाच वेळा उठली. पुढच्या वेळी खुर्चीत बसली ती बसलीच. दुसऱ्या दिवशी संडासातून तिचं "आई गं" बाहेरपर्यंत ऐकू आलं. मी हसले, भाऊजीही वाकड्या तोंडाने हसले. आणि मग तेच पलंगावरून गुरुजी झाले.

"कंबर नको, गुडघे वाकव. ओझं अंगाला चिकटवून घे. ओझ्याशी भांडायचं नसतं."

"ओझं काय म्हणता स्वतःला?"

"हमाल आहे मी. ओझं बघितल्यावर कळतं मला."

रोज सकाळ-संध्याकाळ ती भाऊजींच्या मांडीवर ताटली ठेवायची आणि बाहेरच्या खोलीत व्यायामाला लागायची. महिन्याभरात पंधरा उठाबशांवर आली. बादली मात्र अर्धीच राहिली, पाऊण भरली की हात लटपटायचे. पण भाऊजींना ती आता हलवू लागली होती. आधी मी पाय धरायचे, मग नुसतं एक बोट लावायचे, मग तेही लागेना. ताईच्या चेहऱ्यावर तजेला आला. भाऊजी सुकले होते, पण आजारात माणूस सुकतोच, असं डॉक्टरही म्हणाले. बादलीचं आणि भाऊजींचं गणित जुळत नाही हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

चार महिन्यांनी भाचा आला. ताईने पदर खोचला, गुडघे वाकवले, भाऊजींना छातीशी घेतलं आणि एका दमात खुर्चीत बसवलं. भाचा बघतच राहिला. संस्थेचं नावही न काढता दुसऱ्या दिवशी परत गेला.

तो गेल्यावर ताई बाजारात गेली म्हणून भाऊजींचं अंग मी पुसायला घेतलं. सदरा काढला आणि माझा हात थांबला. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा होत्या. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही जेवता ना?"

ते पलंगालगतच्या खिडकीकडे बघू लागले. खाली गल्लीतलं कुत्रं बसलं होतं, चांगलं गुबगुबीत.

"तिला सांगू नकोस," ते म्हणाले. "तिने जिवाचं रान केलं गं. पण या वयात अंगात किती जोर येणार? माझं वजन तरी माझ्या हातात होतं."

मी चिडले. "उद्यापासून माझ्यासमोर जेवायचं. नाहीतर ताईला सांगते."

"जेवतो. मग पुन्हा जड होईन. ती पाडेल. मग ते बारा पलंग." श्वास घ्यायला ते थांबले. "तूच सांग, काय करू?"

मी सदरा चढवला, बटणं लावली आणि ताईला काही सांगितलं नाही. त्याबद्दल माझी मलाच चीड येते, आजही येते.

पुढच्या थंडीत भाऊजी गेले. घरीच, स्वतःच्या पलंगावर. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ताई सांगते, "कुणाचा हात लागू दिला नाही मी. शेवटी शेवटी तर ह्यांना लहान मुलासारखं उचलायचे. एवढी ताकद आली होती माझ्यात." आणि मग माझ्याकडे वळून विचारते, "हो की नाही गं?"

मी हो म्हणते.