खुंटावरची टोपी

नोव्हेला प्रिडीचा राग आमच्या तळ्याकाठी सगळ्यांना पाठ होता. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली आणि नव्या शिकाऱ्यांचे वर्गही घेतले. दोन्हीकडे तिच्यापुढे चुळबूळ करायची कुणाची छाती झाली नाही. त्या रागाला मूळही तसंच होतं. धरण झालं तेव्हा सरकारने तिच्या बापाची सफरचंदाची बाग घेतली आणि पाण्यात घातली. वर उरलं ते एवढंसं टेकाड आणि त्यावर सफरचंदाचा एक खुंट. आता ही जमीन सगळ्यांची, असं साहेबाने बापाला सांगितलं. बाप गप्प बसला, नोव्हेला बसली नाही. सगळ्यांची तर सगळ्यांची, पण मग नियमाने सगळ्यांची, हे तिने जन्मभर लावून धरलं.

आणि नियम तरी किती? पहाटे जो आधी येईल त्याची जागा. बदकांना भुलवायला पाण्यात सोडलेली प्लॅस्टिकची बदकं संध्याकाळी काढून घरी न्यायची. जखमी पक्ष्यामागे होडी घेऊन जावं लागलं, तर टोपी जागेवर ठेवायची. टोपी दिसली की त्या जागेला कुणी हात लावायचा नाही. जखमी पक्षी तसाच सोडून येणाऱ्याला आमच्याकडे कुणी कॉफीसुद्धा विचारत नाही.

हंगामात एक दिवस तरी ती त्या टेकाडावर शिकारीला बसायचीच, बापाच्या नावाने. त्या वर्षी ते जमेना. शहरी पाहुण्यांना शिकारीला नेणारा ट्रेंट हॅसलर रात्रभर पाण्यात प्लॅस्टिकची बदकं तशीच ठेवून टेकाड अडवायचा. हा ट्रेंट तिच्याच बसमध्ये वाढलेला, तिच्याच वर्गात शिकलेला, म्हणून तिला जास्तच झोंबायचं. तळ्यावर देखरेख करणाऱ्या रेंजरकडे गेली तर तो म्हणाला, ट्रेंट प्रत्यक्ष हाती लागल्याशिवाय मी काय करू? शेवटी तिने मासेमारीच्या आमिषांच्या दुकानात दहा जणांसमोर जाहीर केलं, की यापुढे बेवारस बदकं दिसली की ती माझ्या होडीत.

हंगामाचा शेवटचा दिवस नेमका शुक्रवारी, शाळेच्या दिवशी आला. मुलांना शाळेत सोडून नऊच्या सुमारास ती होडी घेऊन पोचली. टेकाडापुढे प्लॅस्टिकची दोन डझन बदकं डुलत होती. माणूस नाही, होडी नाही. आणि खुंटावर एक कोरी करकरीत टोपी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नुसती बदकं पुरली नाहीत, तर मेल्याने आता टोपीचंही सोंग आणलं. हाका मारून बघावं, थोडं थांबावं, हे तिच्या मनातही आलं नाही. गार दोऱ्या ओढून बोटं बधिर झाली, तरी तिने एकूण एक बदक होडीत फेकलं, वर टोपीही फेकली, आणि सगळं रेंजरच्या टेबलावर ओतायला ती धक्क्याकडे निघाली. तिथेच बसली असती तर जागा तिची होती. पण तिला जागेपेक्षा पुरावा हवा होता.

अर्ध्या वाटेत पाणगवतातून एक होडी बाहेर आली. वल्ही मारत होता तिचा धाकटा दीर एल्डन, खुब्याचं दुखणं सांभाळत, बोडक्या डोक्याने. त्याच्या पायाशी एक खरंखुरं, मेलेलं बदक पडलं होतं.

"वहिनी, माझी बदकं कुठे चालवलीस?"

नोव्हेलाने होडीतल्या टोपीकडे पाहिलं. "ही तुझी?"

"नाताळात लेकीने दिली. पहाटे पाचपासून तुझ्यासाठी जागा धरून बसलो होतो, म्हटलं तुझी बस आटपेपर्यंत. हा पक्षी पंख मोडून गवतात शिरला, तासभर दमवलं याने." मग त्याने तिच्या होडीतला ढीग पाहिला आणि गुंतलेल्या दोऱ्या सोडवायला हात पुढे केला. तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात मागे मोटारबोटींचा आवाज आला. ट्रेंटच्या दोन होड्या टेकाडाला लागल्या होत्या आणि पाहुणे धडाधड बदकं पाण्यात टाकत होते. नोव्हेलाने होडी वळवली. एल्डन मागून "जाऊ दे वहिनी" म्हणत राहिला.

ट्रेंट मोठ्या अदबीने बोलला. "नोव्हेलाकाकू, आम्ही आलो तेव्हा पाण्यात बदक नव्हतं, माणूस नव्हता, टोपी नव्हती. अशी जागा मोकळी, हे तुम्हीच शिकवलंत ना?" मग तिच्या होडीत डोकावून त्याने विचारलं, "ही बदकं कुणाची?"

हंगामभर साठवलेल्या शिव्या तिच्या तोंडाशी आल्या होत्या. त्यातली एकही आता चालण्यासारखी नव्हती.

"जागा तुझी," ती म्हणाली. "पण अंधार पडला की तुझं एकही बदक पाण्यात दिसता कामा नये. मी येऊन बघणार आहे."

मग ती आणि एल्डन पलीकडच्या चिखलात जाऊन बसली, जिथे बदक फिरकतही नाही. टेकाडावरून बंदुकीच्या बारांचे आवाज येत होते. एल्डनने बिस्किट आणि सॉसेज पुढे केलं, ते तिने घेतलं नाही.

"मला शिव्या तरी दे," ती म्हणाली.

"आधी खाऊन घे," तो म्हणाला.

ती त्याची कोरी टोपी मांडीवर घट्ट धरून दिवस मावळेपर्यंत टेकाडाकडे बघत बसली. त्या दिवशी रागवायला तिला दुसरं कुणी उरलं नव्हतं.