तिरंदाज बाईचा डावा हात

“आता हिचा डावा पण तोडते. त्यांच्यात असतंच की असलं. सवय असते त्यांना.”

प्लायवुडच्या पलीकडून नेहाचा आवाज आला. मग तिच्या मैत्रिणीचं हसणं. राजारामपुरीतला सायबर कॅफे. मी शेजारच्याच खणात बसलेय, हे त्यांना माहीत नव्हतं.

वर्गातल्या आम्ही सहाजणी नेटवर एक खेळ खेळायचो. प्रत्येकीचं एक पात्र. आपापल्या पाळीला त्याची गोष्ट इंग्रजीत लिहायची. लढाया, राजवाडे, राक्षस. खेळ नेहानं सुरू केलेला. तिच्या वडिलांची गाड्यांची शोरूम. माझे बाबा फाउंड्रीत होते. साच्याखाली उजवा हात सापडला, बोटं गेली, तेव्हापासून घरी.

माझं पात्र म्हणजे एक तिरंदाज बाई. पहिल्याच लढाईत तिच्या उजव्या हातावर दगड पडला. वार दुसरीनं लिहायचा, जखम किती ते जिचं पात्र तिनं ठरवायचं, असा नियम. बाकीच्या पोटात तलवार घेऊनही तीन पाळ्यांनी जादूचा काढा पिऊन नाचायला मोकळ्या. मला तसं लिहिता येईना. मी पट्टी लिहिली, पू लिहिला. नसलेली बोटं खाजतात, ते लिहिलं.

“तुला कसं गं हे माहीत?” नेहानं विचारलं होतं. कुणालाच न सांगितलेलं मी तिला सांगितलं. बाबांचं. ऐकताना तिनं माझा हात धरला होता.

घरी बाबा विचारायचे, “तुझ्या त्या बाईचा हात बरा हुतोय काय गं?” मी मराठीत सांगायचे. एकदा म्हणाले, “धनुष्य डाव्यात धर म्हणावं, दोरी दातात.” तिला ते शिकवायला मला चार महिने लागले. काढा कुणाला द्यायचा ते नेहा ठरवायची; मी तिच्याकडे तीनदा मागितला. नेहा म्हणायची, तुझं दुखणंच वाचायला छान वाटतं. मला ते कौतुक वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

“ते बोटं खाजतात वालं कसलं भारी होतं,” पलीकडे मैत्रीण म्हणाली.

“बापाचं आहे ते. आयतं मटेरियल,” नेहा म्हणाली.

माझ्या स्क्रीनवर तिची पाळी आली. राक्षसानं डावा हात खांद्यापासून उपटला होता. जखमही तिनंच लिहून टाकलेली. मला विचारलं नव्हतं.

पुढची पाळी माझी. खरं सांगते, त्या खांद्याच्या पट्टीचं पहिलं वाक्य मी लिहिलंसुद्धा. मुकाट. मग वाटलं, आज बाबांनी विचारलं तर काय सांगू?

वाक्य पुसलं. उठून त्यांच्या खणासमोर उभी राहिले.

“अगं, जोक होता,” नेहा म्हणाली.

या मुलींसमोर मी कधी घरची बोली काढली नव्हती. त्या दिवशी तीच आली.

“न्हाय लिहिणार मी. माझ्या बाचं दुखणं तुझ्या खेळात एक ओळ न्हाय येणार आता. आणि ती बाई माझी हाय. तिला मी घिऊन चाललोय.”