गोऱ्ह्याच्या नावावरचं औषध

माझं नाक आणि आमच्या गोऱ्ह्याचं नाक एकाच आठवड्यात टोचलं. दोघांपैकी शहाण्यासारखा वागला तो गोऱ्हा.

वर्ष दुष्काळाचं होतं. पाऊस सलग दुसऱ्यांदा आमचं गाव चुकवून गेला होता आणि गुरांच्या पुढ्यात टाकायला घरात काडी उरली नव्हती. गावच्या दूध सोसायटीनं गेवराईच्या रस्त्याला चारा छावणी उघडली होती. (दूध आटलं होतं, पण सोसायटी आणि तिचे चेअरमन दोघंही शाबूत होते. रिकाम्या चेअरमनला काहीतरी चालवायला लागतंच.) आमचे दोन बैल, एक गाय आणि हौश्या नावाचा गोऱ्हा बारा नंबरच्या रांगेत बांधलेले. त्यांच्याजवळ माझे वडील अण्णा आणि मी. माय घरी, टँकरच्या नंबराला. मी नुकतीच बारावी सायन्स पास झाले होते आणि ही बातमी छावणीतल्या जनावरांपर्यंत पोचवून झाली होती.

त्यातच उमापूरचं स्थळ आलं आणि जमलंही. पसंती सांगताना होणाऱ्या सासूबाईंनी एकच चौकशी केली.

"पोरीचं नाक टोचलंय का?"

"टोचू की," माय म्हणाली.

"टोचा. आमच्या घरची नथ चापाची न्हाई, तारेची हाय. साखरपुड्याला मी माज्या हातानं घालणार."

साखरपुडा सव्वा महिन्यावर होता. म्हणजे सव्वा महिन्यात माझ्या नाकाला भोक पडून, ते बरं होऊन, त्यातून खानदानी तार आरपार जायला हवी होती. मायनं मला त्याच बाजारला गेवराईच्या सोनाराकडे नेलं. त्यानं पेनानं ठिपका दिला, "तिकडं बग, जीप आली," असं सांगितलं, आणि मी तिकडं बघितलं. जीप आली नव्हती. मी ओरडले ते मात्र बाजारातल्या बऱ्याच लोकांनी ऐकलं.

"हळद-खोबरेल लाव," सोनार तारेची कडी वळवत म्हणाला. "अन् हात लावू नको."

पहिली सूचना सोपी होती. दुसरी किती अवघड असते हे ज्याला नवीन भोक पडलंय त्यालाच कळेल. मुळात माझे हात जागेवर राहणारे नाहीत. जखमेची खपली मी कधी आपोआप पडू दिली नाही आणि बाटलीवरचा कागद कधी बाटलीवर राहू दिला नाही. आता तर नाकात नवी तार. ती सरळ आहे का? फिरवल्यावर दुखते का? मघाशी दुखली त्यापेक्षा आता कमी दुखते का? हे दर पाव तासानं तपासायला नको का? त्यात छावणीत दिवसभर कडब्याची कुट्टी उडायची आणि बरोब्बर नाकातच जायची.

"मंगल, हात," अण्णा गुरांच्या रांगेतून माझ्याकडे न बघताच म्हणायचे. त्यांना न बघता कसं कळायचं हे मला आजवर उमगलेलं नाही.

दोन दिवसांनी हौश्याची पाळी आली. तो वयात आला होता आणि छावणीतल्या दाटीत मोकळा आवरत नव्हता. त्यानं शेजाऱ्याच्या भाकरीचं फडकं भाकरीसकट खाल्लं, तेव्हा अण्णांनी एका जाणत्या माणसाला बोलावलं. त्यानं दाभण घेतलं, हौश्याचं नाक टोचलं आणि वेसण ओवली. हौश्या एकदा हंबरला आणि गप्प झाला. (मी सोनाराकडे तीनदा ओरडले होते.) मग अण्णांनी त्याचं दावं अगदी आखूड करून त्याला बांधलं.

"आखूड बांदला की नाक खुट्याला घासत न्हाई. चार दिसात वाळतंय."

आम्हा दोघांना एकाच वाटीतली हळद आणि तेल. आधी मला, मग हौश्याला, एवढा मान राखला होता.

आठ दिवसांनी हौश्या डोळे मिटून निवांत रवंथ करत होता आणि माझं नाक गावरान टोमॅटोसारखं झालं होतं. तारेभोवती ठणका. चूक हळदीची आहे, असा मी निष्कर्ष काढला. हळद ही जुन्या लोकांची समजूत. सायन्सच्या माणसानं डॉक्टरचं औषध घ्यावं. पण गेवराईला दवाखान्यात जायचं म्हणजे मायला कळणार, आणि मायला कळलं की मी हात लावल्याचंही कळणार. छावणीत मात्र रोज एक डॉक्टर येत होते. जनावरांच्या दवाखान्यातले ड्रेसर होते ते, पण सगळे त्यांना डॉक्टरच म्हणायचे. फटफटीला पत्र्याची पेटी बांधून चार छावण्या फिरायचे. बैलाच्या खांद्यावरच्या जखमेला ते जांभळं औषध लावत आणि ती तीन दिवसांत कोरडी पडे. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सायन्समध्ये निरीक्षणालाच महत्त्व असतं.

"डॉक्टर, आमच्या गोऱ्ह्याचं नाक टोचलंय. जरा औषध द्या की."

त्यांनी छोट्या बाटलीत ओतून दिलं. मी कडब्याच्या गंजीआड जाऊन कापसानं नाकाला लावलं. गार वाटलं, बरं वाटलं. आरशात पाहिलं तर नाकाचा डावा अर्धा भाग वांग्याच्या रंगाचा झाला होता. पाण्यानं धुतलं, रंग गेला नाही. साबणानं घासलं, तर उजवीकडेही पसरला. त्या दिवसापासून मी ओढणी डोळ्यांपर्यंत बांधायला लागले.

"लई धूळ हाय," मी अण्णांना सांगितलं. छावणीत निम्म्या बायका तशाच बांधायच्या, त्यामुळे ते खपून गेलं.

औषध दोन दिवसांत संपलं. संपणारच, मी दर पाव तासानं लावत होते. पुन्हा मागितलं, पुन्हा मिळालं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा डॉक्टर फटफटीला किक मारत होते. त्यांनी पाय खाली घेतला.

"आजून बरं न्हाई? सूज हाय का?"

"हाय. ठणकतंय." (हे खरं होतं. नाक कुणाचं ते फक्त सांगायचं राहिलं होतं.)

"खातो का नीट?"

"चावताना ओढ बसती."

"लाळ गळती का?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण लक्षणं जितकी जास्त तितकी बाटली मोठी मिळेल, असा मी हिशेब केला.

"गळती. थोडी."

डॉक्टरांनी मला बाटली दिली खरी, पण फटफटी सोडून ते सरळ चेअरमनच्या तंबूकडे गेले. अर्ध्या तासात छावणीचा भोंगा खरखरला.

"सर्व पशुपालकांना कळविण्यात येते की, बारा नंबरच्या रांगेतील एका गोऱ्ह्याला लाळ्या हा साथीचा रोग असल्याचा संशय आहे. डॉक्टर उद्या सकाळी तपासणी करतील. कोणीही घाबरून जाऊ नये."

मग सगळे घाबरले. आमच्या शेजारच्यांनी बैल सोडून पार पलीकडे नेऊन बांधले. त्यांच्या शेजारच्यांनी त्यांना तिथून हाकललं. जो तो आपल्या जनावराचं तोंड तुरटीच्या पाण्यानं धुवायला लागला आणि उद्यापर्यंत पुरवायचा टँकर दिवस मावळायच्या आत कोरडा पडला. आमच्याभोवती कुस्तीच्या फडासारखी मोकळी जागा तयार झाली. मधोमध हौश्या रवंथ करत उभा होता.

अण्णांनी तीनदा त्याचं तोंड उघडून पाहिलं.

"काईच न्हाई की गं याला. कुनी सांगितलं आसंल?"

त्यांनी हे मलाच विचारलं. मी ओढणी आणखी वर ओढली. तेव्हाच सांगून टाकलं असतं तर फार तर दोन शिव्या मिळाल्या असत्या. पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. उद्या डॉक्टर येणार, हौश्याचं खडखडीत बरं झालेलं नाक बघणार आणि विचारणार, तीन बाटल्या औषध गेलं कुठं? म्हणजे हौश्याच्या नाकावर ते औषध दिसायला हवं.

सकाळी अण्णा गुरांसाठी उसाचं वाढं आणायला रांगेत गेले, तेवढ्यात मी अर्धी बाटली हौश्याच्या नाकाला चोपडली. छान दिसत होतं. पण बारावी सायन्समध्ये मला कुणी एक साधी गोष्ट शिकवली नव्हती, जी छावणीतल्या कुठल्याही अडाणी माणसाला ठाऊक होती. गोऱ्ह्याची जीभ नाकापर्यंत पोचते.

हौश्यानं नाक चाटलं. मग पुन्हा चाटलं. चव आवडली नसावी, कारण त्यानंतर त्याला खरोखरच लाळ सुटली.

डॉक्टर आले, चेअरमन आले, त्यांच्यामागे अख्खी छावणी आली. अण्णांनी वेसण धरून हौश्याचं तोंड उघडलं आणि इकडे-तिकडे वळवून दाखवलं. आत जांभळी जीभ. ओठांवरून जांभळी लाळ वीतभर खाली लोंबत होती. डॉक्टर दोन पावलं मागं सरले.

"साहेब, हे मी सर्व्हिसमदी पैल्यांदाच बगतोय."

"चारी जनावरं छावणीच्या भायेर काडा," चेअरमन अण्णांना म्हणाले. "आत्ता."

"चेअरमनसाहेब, घरी काय घालू त्यांना? काडी न्हाई घरी."

"मला बाकीची तीनशे बगायचीत."

अण्णा बैलाच्या दाव्याची गाठ सोडायला वाकले. रोज डोळे झाकून सोडायची ती गाठ, पण त्या दिवशी त्यांच्या बोटांना सुटेना. मी ते बघत उभी होते. माझ्या नाकापायी आमचे बैल उपाशी मरणार होते. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

मी पुढे झाले, आणि त्याच वेळी रस्त्यावर जीप थांबली. या खेपेला खरंच जीप आली होती. तिच्यातून सासूबाई उतरल्या. नारायणगडाला दर्शनाला गेल्या होत्या, परतताना वाट वाकडी करून आल्या होत्या. एका हातात प्रसादाची पुडी आणि दुसऱ्या हातात लाल कापडाची पिशवी. पिशवीत काय असणार हे मला न सांगता कळलं.

"एवढी गर्दी कावून?" त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, पोरीचं नाक बगून जावं. तार जाती का न्हाई ते."

मी अण्णांकडे पाहिलं. गाठ सुटत आली होती. मी सासूबाईंकडे पाहिलं. दोघांपैकी एकालाच वाचवता येणार होतं, गोऱ्ह्याला नाहीतर मला.

"डॉक्टर," मी म्हणाले, "त्याला काई झालं न्हाई. जखम माजी हाय."

आणि ओढणी सोडली.

सगळे आधी माझ्या नाकाकडे, मग हौश्याच्या नाकाकडे, मग पुन्हा माझ्या नाकाकडे बघत होते. रंग तंतोतंत जुळत होता.

"बाई, ते जनावराचं औषध हाय," डॉक्टर क्षीण आवाजात म्हणाले. "किती दिवस लावतीस?"

"सा दिवस."

"अन् लाळ?"

"लाळ मी उगं सांगितली. बाटली मोठी मिळावी म्हनून."

अण्णांनी दाव्यावरचा हात काढला आणि कपाळाला लावला. सासूबाई पुढे आल्या. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि तोंड आधी इकडे, मग तिकडे वळवलं. अण्णांनी मघाशी हौश्याचं वळवलं होतं, अगदी तसंच. आता लग्न मोडलं असं मी मनाशी पक्कं केलं आणि डोळे मिटून घेतले.

"डॉक्टर," सासूबाईंचा आवाज आला, "ह्या दोगांचं टोचलं कवा?"

"एकाच आठवड्यात," अण्णाच म्हणाले.

"मग गोऱ्ह्याचं बरं झालं, अन् हिचं कावून न्हाई?"

डॉक्टर जरा घुटमळले. पण सरकारी माणूस, विचारलं की खरं सांगायची सवय.

"गोऱ्हा हात लावत न्हाई."

छावणी हसली. चेअरमन हसले. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या अण्णांकडे वळल्या.

"पाव्हणं, जनावरं ऱ्हाऊ द्या हितंच. अन् हिला बांदा आखूड."

चेअरमननी लगेच भोंग्यावरून जाहीर केलं की गोऱ्ह्याला काहीही झालेलं नाही आणि औषध मंगलने स्वतःच्या नाकास लावले होते. नाव घ्यायची काही गरज नव्हती. सासूबाई मला प्रसाद देऊन गेल्या. नथ पिशवीतच राहिली.

मला कुणी बांधलं नाही, पण अण्णांनी दुसरा उपाय काढला. त्यांनी माझ्यापुढे घायपाताच्या वाखाचा ढीग टाकला आणि दावी वळायला बसवलं. दावं वळायला दोन्ही हात लागतात, एक जरी सुटला तरी पीळ उलगडतो. तीन आठवडे मी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत दावी वळली. बारा नंबरच्या रांगेला नवी दावी झाली, मग अकराला, मग तेराला. चेअरमनच्या तंबूलासुद्धा माझीच दोरी लागली. आणि नाक, कुणी त्याच्याकडे लक्ष देत नाही म्हटल्यावर, गुपचूप बरं झालं.

साखरपुड्याला सासूबाईंनी नथ काढली. तार आत शिरली, पलीकडून बाहेर आली आणि त्यांनी मोती नीट बसवले. कडेला अजून थोडा जांभळा डाग होता. (फोटोत तो सावलीसारखा दिसतो, असं मी पाहुण्यांना सांगते.) मायनं डोळे पुसले, अण्णा समोर बसून उगीच पागोट्याशी चाळा करत होते, आणि माझं मन भरून आलं.

मग सासूबाईंनी माझ्या मांडीवर ताट ठेवलं. त्यात साडी, नारळ, साखरेचा पुडा. साडी उचलली तर खाली हातभर लांबीचं आखूड दावं होतं. वळण माझ्याच हातचं. अण्णा आता माझ्या नजरेला नजर देत नव्हते.

मला हसू फुटलं. आणि नथ हलली की काय, हे बघायला माझा हात नाकाकडे गेला.