आबांचा बिनदुधाचा केक

माझ्या मुलीच्या जिवावर बेतलं होतं, आणि तिला दूध पाजणारे माझे सासरेच होते.

हे उघड लिहितेय, कारण आबा स्वतःच येईल-जाईल त्याला हे सांगायचे.

आबा काल दुपारी गेले.

आर्मीतून रिटायर होऊन कराडजवळच्या आमच्या गावी आलेला माणूस. ऊस, दोन म्हशी, रोज दूध-भाकरी.

माझ्या सईला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, हे त्यांना पटलंच नाही.
"दुधानं कुणाला काय हुतंय व्हय? शहरातली थेरं!"

आम्ही घरी नसताना त्यांनी तिला थोडं दूध दिलं. तीन वर्षांची होती.

ओठ सुजले. श्वास अडकायला लागला.
आबांनीच तिला जीपमध्ये घालून कराडचा दवाखाना गाठला.

ती वाचली.
आबा मात्र कित्येक दिवस मान वर करून जेवले नाहीत.

मग तिचा वाढदिवस आला.
"पोरीला चाकलेटचा केक मी करणार."

दुकानात डार्क चॉकलेट उचललं. मागे बारीक अक्षरांत मिल्क सॉलिड्स.
ठेवलं.

दुसऱ्यावर कोको बटर.
"ह्यात लोणी हाय की गं!"
"आबा, ते कोकोच्या बियांतलं तूप. दुधाचा संबंध नाही."
माझ्यावर विश्वास नाही. डॉक्टरांना फोन केला, मगच मान हलवली.

तरी पाकिटावरच्या नंबरवर कंपनीला फोन लावलाच. आर्मीच्या हिंदीत.
"दूधवाला चॉकलेट भी उसी मशीन पे बनता है क्या? सच बोलना, बच्ची का सवाल है."
पलीकडचा म्हणाला, "हाँ जी, उसी पे."
"थँक्यू बेटा," म्हणाले, आणि तेही पाकीट परत.

शेवटी पुण्याहून मागवलं. जिथं दूध वापरतच नाहीत, अशा ठिकाणचं. तिथंही फोन झालाच!

धार काढलेले हात घासघासून धुतले. नवं कोरं भांडं आणलं. नारळाचं दूध घालून कुकरमध्ये केक केला.
एका बाजूनं करपला.

सईनं पहिला घास घेतला.
आबा समोर बसलेले. डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन शेजारी, जीपची किल्ली मुठीत, नजर तिच्या ओठांवर.

सईनं घास गिळला.

"आबा, आजून दे की!"

एवढा दांडगा माणूस, ओक्साबोक्शी रडला.

सई आता कॉलेजला आहे.
काल आबांच्या तोंडात शेवटचं पाणी तिनंच घातलं.

सावकाश जा, आबा.
आम्हा सगळ्यांचा साष्टांग नमस्कार.