आम्हा दोघी बहिणींचा एमआरआय

धाकटी बहीण माझ्यापेक्षा गोरी, तिचे केस दाट, आणि नवराही तिला माझ्यापेक्षा चांगला मिळाला. हे मी चाळिशी उलटल्यावर लिहिते आहे, तेव्हा पोरकटपणा म्हणून सोडून देता येणार नाही. मी तिच्यावर जळायचे, अगदी मनापासून जळायचे.

आई स्तनाच्या कॅन्सरने गेली, मागोमाग मावशीही. म्हणून डॉक्टरांनी आम्हा दोघींना नगरला एमआरआय करायला सांगितला. मॅमोग्राफीत काही निघालं नव्हतं, पण तुमच्या छातीची घडण दाट आहे, त्यात बारीक गाठ लपून राहू शकते, असं त्यांचं म्हणणं. मी नेवाशाहून गेले, ती सुप्याहून आली. एकाच दिवशी नंबर लावला होता.

आत जाण्याआधी तिथल्या आयाबाई म्हणाल्या, "मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, समदं काढा. आत कसलाच धातू चालत न्हाई." माझा नवरा तेव्हा बाहेर टपरीवर चहा पीत होता. माझी जोडवी मीच वाकून ओढून काढली, बोट सोललं. बहिणीची निघेनात. तर तिचा नवरा चार लोकांदेखत खाली बसला, तिचा पाय मांडीवर घेतला आणि साबण लावून हळूहळू फिरवत काढली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मशीनमध्ये पालथी पडून तो ठणठणाट ऐकतानाही मला गाठीची भीती वाटत नव्हती. सगळं हिलाच का मिळावं, एवढंच डोक्यात होतं.

चार दिवसांनी रिपोर्ट आले. माझा स्वच्छ. तिच्या डाव्या बाजूला बारीकशी गाठ दिसली, तुकडा काढून तपासला तर कॅन्सरच निघाला. लवकर सापडलाय, ऑपरेशन करून घ्या, असं डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी सुप्याला गेले. मुलांच्या डब्याचं, शाळेचं सगळं मला सांगून झालं. मग मेथी निवडता निवडता, मान वर न करता ती म्हणाली, "ताई, राग मानू नको. तुझा रिपोर्ट चांगला आला ना, तेव्हा मला तुझा लई हेवा वाटला. अजून वाटतोय."

जन्मभर मला तिच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. ऐकलं, तर तिच्याकडे बघवेना. तिने चार दिवसांचा हेवा सरळ कबूल केला. माझा चाळीस वर्षांचा होता, तो मला तेव्हाही सांगता आला नाही. यातही तीच सरस निघाली.