बेचाळीस अर्ज, एकच अक्षर

वस्तीत त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना अर्जकाका म्हणत. चौतीस वर्षं कचेरीत कारकुनी केलेला माणूस. निवृत्त झाल्यावर चार दिवस घरी बसले आणि पाचव्या दिवशी त्यांना घर खायला उठलं. तेव्हापासून दर बुधवारी आणि शनिवारी ते कारखान्यामागच्या वस्तीत, इस्त्रीवालीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. फुकट. बायको म्हणायची, "घरातला नळ महिनाभर गळतोय तो दिसत नाही. चालले लष्कराच्या भाकऱ्या भाजायला!"

अक्षर मात्र त्यांचं देखणं. त्याचा त्यांना गर्वही होता, आणि गर्वाचं घर कुठे असतं हे काही मी नव्याने सांगायला नको.

वस्तीला नळ एकच. रस्ता रुंद करायचा म्हणून तो बंद होणार, हरकत असेल त्यांनी पंधरा दिवसांत अर्ज करावा, अशी नोटीस लागली. इस्त्रीवाली काकांकडे धावली. तिचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. दिवसातून तीनदा चादर बदलायची, धुवायची. दुसरा नळ पुलापलीकडे, अर्ध्या तासावर. "मी तिकडे गेले तर ह्यांच्याकडे कोण बघणार, काका? आणि इस्त्री कोण करणार?"

अर्जकाकांनी कंबर कसली. दोन दिवसांत बेचाळीस घरांचे बेचाळीस अर्ज लिहून काढले. इस्त्रीवाली म्हणाली, "काका, मला लिहिता येतं थोडं. मुलीनं शिकवलंय. सही करते मी. आणि आत काय लिहिलंय ते जरा वाचून दाखवा ना."

"अगं, वेळ कुठाय? अंगठा लाव, पटकन होईल. तू निर्धास्त राहा."

तिने मुकाट्याने अंगठा लावला.

सुनावणीला बसलेल्या अधिकारी बाई काही दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी कागद टेबलावर पसरले. "हे सगळे एकाच हातचे दिसतात." मग इस्त्रीवालीकडे वळून म्हणाल्या, "तुमचाच अर्ज ना हा? काय म्हणणं आहे तुमचं?"

इस्त्रीवालीला चादरींचं सांगता आलं असतं. पण एवढ्या देखण्या कागदात चादरीबिदरी नसणार, काहीतरी मोठं असणार. आपण भलतंच बोललो तर काका खोटे पडतील, असं तिला वाटलं. ती म्हणाली, "काकांनी लिहिलंय तेच."

"म्हणजे काय?"

तिने वळून काकांकडे बघितलं. मागच्या एकेचाळीस जणांनीही.

काका उठले. "मी सांगतो, मॅडम."

"आपण वस्तीत राहता?"

"नाही, पण..."

"मग बसा."

काका बसले. याच सुरात त्यांनी स्वतः किती जणांना बसवलं होतं, त्याची गणती नव्हती. बेचाळीस अर्ज बाहेरच्या एका माणसाची हरकत म्हणून निकालात निघाले. मंगळवारी नळ तोडला.

बुधवारी काका नवे कागद घेऊन आले. चेहरा उतरलेला, पण पेनचं टोपण उघडलेलं. "अपील करू. महिन्याची मुदत आहे अजून."

इस्त्रीवालीने त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. "या वेळी आम्ही लिहितो, काका. वाईट वाटून घेऊ नका."

चार-पाच जणी टेबलाभोवती जमल्या. एकेक अक्षर ठेचकाळत उमटत होतं. पाव तासाने एक ओळ झाली: माझ्या नवऱ्याची चादर दिवसातून तीनदा धुवावी लागते. तीन चुका होत्या तिच्यात. काकांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. आपल्या चौतीस वर्षांत असं एकही खरं वाक्य आपण लिहिलं नाही, हे त्यांना कळलं आणि लाज वाटली.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"पाण्याला जाता? आज मला उठता यायचं नाही. आणि सकाळपासून घरात थेंब नाही."

काका दोन बादल्या घेऊन पूल ओलांडून गेले. पाण्याच्या रांगेत ते जन्मात उभे राहिले नव्हते. दीड तास उन्हात पाय भरून आले, आणि हळूहळू त्यांना संताप आला. वस्तीसाठी नव्हे, चक्क स्वतःसाठी. पुढे तीन जणं उरली असताना नळ खरखरला आणि बंद पडला. लोकांनी रिकामी भांडी उचलली.

मागची म्हातारी म्हणाली, "शिकलेले दिसता तुम्ही. कुणाला सांगायचं हो हे?"

हे काकांना तोंडपाठ होतं. खातं, खिडकी, नमुना, सगळं. पण तोंडून निघालं ते एवढंच, "आधी मला सांगा, आजी. तुमचं काय म्हणणं आहे?"

म्हातारी पूल संपेपर्यंत बोलत होती. काका ऐकत होते, मध्ये एकदाही तोडलं नाही. वस्तीच्या तोंडाशी ती वळून गेली. समोर टेबलाशी इस्त्रीवाली मान खाली घालून लिहीत होती, आणि आतून तिचा नवरा हाका मारून विचारत होता, "काका आले का गं पाणी घेऊन?"