मथुराच्या कलमांची ओंबील

मालगुंडच्या त्या वाडीत मथुराएवढी हट्टी बाई दुसरी नव्हती. तिचा नवरा आणि थोरला दीर, दोघे आगबोटीवर खलाशी; वर्षातून एकदा घरी यायचे. तेव्हा हापूसची चार कलमं राखली ती मथुरानेच. सत्तावीस साली भावांच्या वाटण्या झाल्या आणि मधे दगडी गडगा पडला. पलीकडे थोरली जाऊ मालन. कशावरून तरी दोघींचा शब्दाने शब्द वाढला, आणि मथुराने जावेच्या आंब्याची गडग्यावरून आलेली फांदी तोडून टाकली. म्हणे, उद्या आंब्यांवरून कटकट नको.

कटकट मिटली खरी, पण त्याच फांदीवरून ओंबील ये-जा करायची. ओंबील म्हणजे पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या. चावल्या तर माणूस थयथय नाचतो, पण मोहोराचा रस शोषणारा तुडतुडा झाडावर टिकू देत नाहीत. त्यांचं मूळ घर मालनच्या झाडावर, आणि जमिनीवरून चालायचं त्यांच्या जिवावर येतं. दोन वर्षांत मथुराची कलमं ओस पडली, तुडतुड्याने मोहोर काळा केला. तिने रानातून एक घरटं आणून टांगलं, पण त्यात राणी नव्हती, तेही रिकामं झालं.

मथुराला रडू आलं. रागही आला, स्वतःचाच. शेवटी तिने आपल्या कलमाला सुंभ बांधला आणि दुसरं टोक गडग्यापलीकडे भिरकावलं. हाक मारायची नाही, एवढा ताठा अजून शिल्लक होता. संध्याकाळी बघते तर मालनने ते टोक आपल्या आंब्याला बांधलेलं, आणि सुंभावर मुंग्यांची रांग लागलेली.

बोलणं मात्र झालं नाही. पावसात सुंभ कुजायचा. दर वर्षी नवा मथुराने टाकायचा, मालनने बांधायचा. वाडीतले लोक हसायचे. हसेनात का, आंबे तर धरत होते.

पस्तीस साली दिवाळी झाल्यावर मथुराने सुंभ टाकला. दुसऱ्या दिवशी टोक तसंच पडलेलं. पुढेही तसंच. मोहोर तर फुटायला आलेला. आधी ती चरफडली. मग मालनला काही झालं तर नाही ना, असं मनात आलं, आणि लुगडं खोचून ती गडगा चढली.

मालन पडवीत एकटीच पडली होती. तापाने नुसती हाडं उरली होती.

"सुंभ बांधायचा राहिला गो," ती म्हणाली.

"राहू दे, वयनी," मथुरा म्हणाली, आणि चूल पेटवून तिने पेज ठेवली.